कोरे पान फुकट, नोंद महाग

संगणकावर दहा हजार आकड्यांची यादी भरणे क्षणाचे काम. तीच यादी ब्लॉकचेनवर भरायची झाली तर काय होते, ते पाहू या.

ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांनी एकसारखी जपलेली खतावणी. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियम या ब्लॉकचेनवर आज्ञावल्याही ठेवता येतात. त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. येथील प्रत्येक नोंद सर्वांनाच सांभाळावी लागते, म्हणून तिला मोल पडते. ते ‘गॅस’ या एककात मोजतात. ३२ बाइटांच्या कोऱ्या कप्प्यात पहिली नोंद करण्यास २०२१ पासून २२,१०० गॅस लागतो. एका ब्लॉकमधील एकूण गॅसलाही मर्यादा असते. २०२२ ते २०२४ या काळात ती ३ कोटी होती. आता भागाकार करा : एका ब्लॉकमध्ये जेमतेम १,३५७ कप्पे! दहा हजारांसाठी आठ ब्लॉक हवेत.

ही मर्यादा विसरली की काय होते? २०१६ साली ‘गव्हर्नमेंटल’ नावाच्या पैशांच्या खेळात, बक्षीस देण्याच्या व्यवहारातच जुनी लांबलचक यादी पुसून कोरी करायची होती. त्याला ५०,५७,९४५ गॅस हवा होता. मर्यादा होती ४७,१२,३८८. सुमारे १,१०० इथर अडकले, आणि पुढे मर्यादा वाढल्यावरच सुटले.

मग उपाय कोणता? यादी हप्त्याहप्त्याने भरता येते. त्याहून सोपे म्हणजे ती आधी भरूच नये. प्रत्येक कप्प्यात मुळातच शून्य असते. ‘शून्य म्हणजे अजून नोंद नाही’ असे ठरवले, की गरज पडेल तेव्हा तेवढाच कप्पा लिहिता येतो.

यादी आधीच ठरलेली असेल तर राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये मांडलेली युक्ती उपयोगी पडते. मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठरावीक लांबीच्या खुणेला हॅश म्हणतात. दोन-दोन नोंदींचे हॅश जोडत गेलो, की शेवटी एकच हॅश उरतो. तेवढाच ब्लॉकचेनवर ठेवायचा. युनिस्वॉपने २०२० मध्ये अडीच लाखांहून अधिक पत्त्यांना टोकन वाटताना हेच केले. यादी बाहेरच राहिली; टोकन घेताना आपले नाव यादीत असल्याचा पुरावा ज्याने त्याने सादर करायचा. असा पुरावा सुमारे १८ हॅशांचा होतो.

अठराच का? २ चा अठरावा घात २,६२,१४४ आहे. यादी दुप्पट झाली तर पुरावा किती वाढेल, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.