मेणाचा हात, मेणाचं विमान

वांद्र्याच्या माऊंट मेरी चर्चकडे चढून जाताना मेणाची दुकानं लागतात. गुडघ्याखालचा पाय, कोपरापुढचा हात, डोळ्यांची जोडी, हृदय, डोकं, तान्हं बाळ. दुसऱ्या फळीवर घर, मोटार आणि विमान. विमान परदेशातल्या नोकरीसाठी. हात उचलून पाहिला तर साच्याची शिवण अंगठ्याला लागते आणि बोटं एकमेकांना चिकटलेली असतात. कोपर नीट जमलेलं नसतं, पण त्यावाचून कुणाचं अडत नाही. ज्याचं जे दुखतं, त्याने ते विकत घ्यायचं, मरिया माउलीपुढे ठेवायचं आणि नवस बोलायचा. वाहिलेलं मेण पुढे वितळवून पुन्हा साच्यात जातं. एकाच्या गुडघ्याचं मेण दुसऱ्याच्या घराच्या कामी येत असणार.

८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर इथे जत्रा भरते. ईस्ट इंडियन, गोवेकर आणि कोळी तर येतातच, शिवाय हिंदू, मुसलमान, पारशीही रांगेत असतात. कोळी लोक तिला मोत माउली म्हणतात. दर्शन झालं की चणे, हलवा, गोव्याकडची मिठाई आणि मुलांसाठी पिपाण्या. देवीच्या जत्रेला जाणाऱ्याला इथे परकं वाटावं असं फार थोडं आहे.

मूर्ती पोर्तुगीज काळात येशूसंघी धर्मगुरूंनी आणली, असं परंपरा सांगते. १७०० च्या सुमारास अरबी चाच्यांनी हातातली झळाळती वस्तू सोन्याची समजून तिचा उजवा हात तोडला, अशीही कथा आहे. समुद्रात तरंगणारी मूर्ती कोळ्याच्या स्वप्नात आली आणि मग जाळ्याशी सापडली, ही दुसरी कथा. १७६० मध्ये चर्च पुन्हा उभं राहिलं तेव्हा मूर्तीच्या हाती बाळ येशू देण्यात आला. जिचा स्वतःचा हात एकदा तुटला, तिच्यापुढेच लोकांनी मेणाच्या हातांचे ढीग लावावेत, ही गोष्ट कुणी मुद्दाम जुळवलेली नाही, तरी मला या जागेचा सगळा स्वभाव तीत दिसतो. आजची गॉथिक वळणाची इमारत १९०४ ची, वास्तुविशारद शापूरजी चांदाभॉय. १९५४ मध्ये रोमने तिला बॅसिलिकेचा दर्जा दिला.

चमत्काराच्या बाबतीत भाविक आणि चर्च एका रांगेत उभे नाहीत. भाविकाला गुण आला की झाला चमत्कार. रोम मात्र कमालीचं चिकट आहे. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ पासून आजारी माणसांची रीघ आहे. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय चालतं. बरं झाल्याचे सात हजारांहून जास्त दावे तिथे नोंदले गेले आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते जेमतेम सत्तरेक. आजार गंभीर हवा, गुण एकदम आणि पुरता आलेला हवा, तो टिकायला हवा आणि औषधाने आला असं म्हणता येता कामा नये. या चाळणीतून आपल्याकडचे नव्याण्णव टक्के नवस गळून पडतील. वांद्र्याच्या टेकडीवर कुणी असा दाखला मागत नाही आणि देतही नाही. मला ती गोष्ट आवडते. इथे कुणी 'बरा करून दाखवतो' म्हणत नाही. नवस बोलणारा बोलतो आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही जातो.

सगळीकडे असं नसतं. मुंबईतच विलेपार्ल्याजवळ इर्ल्याच्या वेलंकनी माउलीच्या चर्चबाहेर २०१२ मध्ये क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. लोक जमले, ते पाणी बाटल्यांत भरून नेऊ लागले. बुद्धिवादी सनल एडामरुकू पाहायला गेले. त्यांना मागच्या बाजूला तुंबलेलं गटार सापडलं. त्यातलं पाणी भिंतीत आणि लाकडात झिरपून केशाकर्षणाने वर चढत होतं. म्हणजे लोक तीर्थ म्हणून पीत होते ते सांडपाणी. एडामरुकूंवर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी दाखल झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. गटार शोधणाऱ्यालाच देश सोडावा लागला, याचं वैषम्य वाटल्याशिवाय राहत नाही.

आता ठाणे जिल्ह्यातल्या आपल्या शहापूर-मुरबाडकडे. उंबरमाळीच्या आसपास ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्या आहेत. ताप उतरेना, मूल दूध घेईना की आधी भगत, मग अंगारा, उतारा. ज्याला या चालीची सवय आहे, त्याला चंगाई सभा, म्हणजे आजार बरा व्हावा म्हणून भरणारी ख्रिस्ती प्रार्थनासभा, नवी वाटणार नाही. डोक्यावर हात, तेल, मोठ्याने प्रार्थना आणि शेवटी बरा झालेल्याची 'साक्ष'. तेल लावण्याला आधार आहे, नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय. पण त्याच नव्या करारात प्रेषित पौलाचा सोबती लूक हा वैद्य आहे, हेही सभेत सांगायला हवं. प्रार्थनेने धीर येतो. एकट्या पडलेल्या दुखणाइताला चार माणसं भेटतात. त्यात हसण्यासारखं काही नाही. धोका सुरू होतो तो 'गोळ्या बंद करा, विश्वास कमी पडतो' या वाक्यापाशी. क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या रोग्याने गोळ्या सोडल्या तर त्याची किंमत तो स्वतः मोजतो, साक्ष घेणारा नव्हे.

कायद्याने इथे रेघ ओढलेली आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला २० ऑगस्ट २०१३ ला. त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या नावाने फसवून पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रं चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-दोरे करणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. भगत, बाबा आणि चंगाईवाला यांच्यात कायदा भेद करत नाही. भातलावणीच्या दिवसांत साप चावला तर पहिली धाव उपजिल्हा रुग्णालयाकडे घ्यावी. नवस नंतरही बोलता येतो.

वांद्र्याची ती टेकडी पाहायची असेल तर उंबरमाळीहून कसारा-मुंबई लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने वांद्रे आणि पुढे रिक्षा. माहीमवरून रस्त्याने गेलात तर मधल्या पुलाकडे बघा. लेडी अवाबाई जमशेटजींनी पदरचे पैसे घालून तो बांधवला आणि १८४५ मध्ये तो खुला झाला. तोवर खाडी होडीने ओलांडावी लागे आणि होड्या बुडत. जत्रेच्या रविवारी गर्दी सोसत नसेल तर आठवड्यातला मधला दिवस धरा. मेणाच्या वस्तूंचे भाव वस्तूच्या आकारावर असतात, दुखण्याच्या गांभीर्यावर नाहीत.