मे महिन्यासाठी पुस्तकं

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या वाचनाची यादी देणं जरा घाईचं वाटेल. पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पुस्तक हातात पडायला वेळ लागतो. धडगाव, मोलगीसारख्या ठिकाणी ते मागवायचं म्हणजे कुणीतरी नंदुरबारला किंवा शहाद्याला जाणारा गाठायचा, नाहीतर पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला सांगून ठेवायचं. परीक्षा संपल्या की शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लागतं. ज्यांना मे महिन्यात वाचायचं आहे, त्यांनी आत्तापासूनच नावं लिहून ठेवलेली बरी.

होळीनंतर तापीकाठ तापायला लागतो. सातपुड्यात महूची फुलं वेचण्याचं काम पहाटेच उरकून घेतात. दुपारी बाजारपेठासुद्धा सामसूम असतात. अशा दुपारी रहस्यकथा हवी, कारण घाम, माश्या, गेलेली वीज हे सगळं विसरायला लावण्याची ताकद तिच्यातच आहे. रात्री अंगणात खाट पडली, वारा सुटला, की मग माणसाच्या मनात उतरणारी कादंबरी उघडावी. मी दोन्ही प्रकारांची शिफारस एकत्र करतो आहे, कारण मला ते वाचकाच्या एकाच वाटेवरचे वाटतात. रहस्यकथेला कमी लेखणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

मराठीत रहस्यकथेला दिवाळी अंकांनीच मोठा आसरा दिला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली. पुढे अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने आणि 'धनंजय'ने गूढ, भय आणि रहस्य यांची वाट रुंद केली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांच्या पात्रांची नावं एकेकाळी खेड्यातल्या वाचनालयांतही ओळखीची होती. गुरुनाथ नाईकांचीही कादंबऱ्यांची संख्या हजारापलीकडची. आज अर्नाळकर वाचताना योगायोग फार होतात, खलनायक फार सहज सापडतो. तरी बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मी तेच देईन. 2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के होती. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी वाचायला शिकलं आहे, आणि घरची बोली भिली, पावरी किंवा मावची आहे, तिथे मराठीतलं अख्खं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत नेणं ही मोठी गोष्ट आहे. छोटी वाक्यं, पुढे काय झालं याची ओढ आणि सव्वाशे-दीडशे पानांत संपणारी गोष्ट, एवढं असलं की ते जमतं.

त्यापुढची पायरी सुहास शिरवळकरांची. बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद, मंदार पटवर्धन या त्यांच्या नायकांच्या कथा वेगात धावतात. 'दुनियादारी' बहुतेकांना चित्रपटामुळे ठाऊक असते. मी मात्र 'समांतर' सुचवीन. दुसऱ्याच एका माणसाचं जगून झालेलं आयुष्य आपल्या वाट्याला येणार आहे, असं कळलेल्या माणसाची ही गोष्ट. ते आयुष्य आधीच जाणून घ्यावं की नाही, हा प्रश्न त्याला पोखरत जातो. म्हटलं तर हे रहस्य, म्हटलं तर स्वतःच्या आत डोकावणं. 2020 साली त्यावर वेब मालिकाही आली, पण कादंबरी आधी वाचा.

भयकथेचा विषय निघाला की नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ही दोन नावं घ्यायलाच हवीत. 'तुंबाड' हा चित्रपट पाहून ज्यांना धारप आठवले, त्यांनी 'लुचाई' मिळवावी. मतकरींची भीती वेगळी आहे. ती नेहमीच्या घरात, ओळखीच्या माणसांत उगवते, म्हणून जास्त टिकते. आम्हाला गूढाची सवय तशी जुनीच. सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीत यात्रा भरते. कपाळावरची जखम घेऊन तेल मागत अश्वत्थामा अजून याच डोंगरांत फिरतो, अशी इथली श्रद्धा. हे ऐकत वाढलेल्या मुलांना मतकरी परके वाटणार नाहीत.

रहस्य आणि अंतर्मुखता यांची सर्वांत मोठी गाठ मात्र रशियात पडली आहे. दोस्तोयेव्हस्कीची 1866 ची 'क्राइम अँड पनिशमेंट' सुरूच होते ती जुलैतल्या असह्य उकाड्यात, एका कोंदट खोलीत. खून कोणी केला, हे पहिल्या भागातच कळतं. त्यानंतर शेकडो पानं वाचकाला धरून ठेवतो तो खुन्याच्या मनाचा तपास. उन्हाळ्यात वाचायला याहून योग्य पुस्तक मला माहीत नाही. एवढ्या जाडीची धास्ती वाटली तर विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. 1939 सालची ही लहानशी कादंबरी युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर घडते. चक्रधर आणि जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची ही गोष्ट. नंदुरबारहून सुरतला जाता-येता, गाडीतही ती वाचून होईल.

आता 'कोसला'. भालचंद्र नेमाडे 1938 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीत जन्मले, आणि 'कोसला' 1963 मध्ये आली, म्हणजे लेखक तेव्हा पंचविशीत होता. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचं हॉस्टेल, मेसचे वाढत गेलेले हिशेब, बापाशी धुमसतं भांडण, धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू, आणि शेवटी गावी परतणं. शहादा-तळोद्याची कितीतरी मुलं आज स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोल्या घेऊन राहतात. काही परततात ती हात हलवत, आणि गावात त्यांच्याकडे कसं पाहिलं जातं हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्या हातात ही कादंबरी जायला हवी. तिची भाषा सुरुवातीला अडखळवते, गोष्ट पुढे सरकत नाहीसं वाटतं. अशा वेळी मोठ्याने वाचा, बोलण्याचा सूर लागतो. मनीच्या मृत्यूची पानं मात्र एकट्याने वाचा.

जी. ए. कुलकर्णींचा 'काजळमाया' हा कथासंग्रह, चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' आणि श्याम मनोहरांची 'उत्सुकतेने मी झोपलो' ही पुस्तकं इथवर पोचलेल्या वाचकासाठी. जी. एं.ची एका दिवसात एकच कथा वाचावी. त्यांची दुसरी लगेच सुरू केली, तर पहिली वाया जाते.

शेवटी आश्रमशाळांच्या गुरुजी-बाईंना एक विनंती. सुट्टी लागली की मुलं अक्राणी-अक्कलकुव्यातल्या आपापल्या पाड्यांवर जातात आणि तिथे वाचायला काहीच नसतं. कपाटाला कुलूप घालण्याआधी प्रत्येकाच्या पिशवीत दोन पुस्तकं घाला, त्यातलं एक रहस्याचंच असू द्या. जूनमध्ये काही फाटून येतील, काही येणारच नाहीत. तरी पुढच्या वर्षी पुन्हा द्या.