नेम नव्हे, कमान सुधारा!

मागच्या इंटर-हॉस्टेल मॅचमध्ये शेवटचे दोन्ही फ्री थ्रो मीच घालवले आणि आमचं हॉस्टेल एका पॉइंटने हरलं. फार मनाला लागलं. सुट्टीत मुकुटबनला घरी बसून हिशोब केला.

रिंगचा आतला व्यास 45 सेंमी, बॉलचा साधारण 24. बॉल 30 अंशांत खाली आला तर त्याला वाट मिळते 45 × साइन 30, म्हणजे फक्त 22.5 सेंमी. रिंगला न लागता जाणार कसा? 45 अंशांत तीच वाट जवळजवळ 32 सेंमी होते. म्हणजे नेम ठीक होता, शॉटच सपाट होता!

घराजवळ रिंग नाही. मग भिंतीवर 3.05 मीटरवर खडूने खूण केली. कोपर बॉलखाली ठेवून, एका हाताने बॉल खुणेच्या बराच वर चढवायचा आणि उतरताना खुणेवर टेकवायचा. रोज 50 वेळा.

कॉलेजला परतल्यावर रिंगपासून एक मीटरवर सुरुवात. दहापैकी आठ गेले तरच एक पाऊल मागे, थेट फ्री थ्रो लाइनपर्यंत. शेवटी कोर्टला दोन चकरा पळून, धापा टाकतच दोन फ्री थ्रो. कारण मॅचमध्ये दम लागलेलाच असतो. सगळं वहीत लिहायचं.

आधी दहातले चार जायचे, आता सात जातात. संध्याकाळी कोर्टवर या, बॉल मी आणतो!