परिचर्येची सनद

सिडनीच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरांवर, एका बाजूस इलावाराचा उभा डोंगरकडा आणि दुसऱ्या बाजूस पॅसिफिक महासागर, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वॉलॉंगॉंग हे शहर वसलेले आहे. ज्या डोंगराने या शहराला त्याचे देखणेपण दिले त्याच्याच पोटात कोळसा होता, आणि तो उपसता उपसता येथल्या माणसांना दुखापतीची आणि अपमृत्यूची ओळख फार लवकर झाली. ३१ जुलै १९०२ रोजी माउंट केंब्लाच्या खाणीत स्फोट होऊन ९६ जीव गेले, त्याचे स्मरण या भागात आजही जपले जाते. पुढे १९२८ साली पोर्ट केंब्ला येथे पोलाद कारखान्याची भट्टी पेटली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, मॅसिडोनिया आणि युरोपातील इतर अनेक मुलुखांतून कामगारांची कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. कोळसा आणि पोलाद या दोन उद्योगांना तंत्रज्ञ पुरविण्याच्या हेतूने १९५१ साली सिडनीच्या एका विद्यापीठाची लहानशी शाखा येथे उघडण्यात आली, आणि १९७५ साली तीच वॉलॉंगॉंग विद्यापीठ या नावाने स्वतंत्र झाली. त्या उद्योगांत राबून थकलेल्या पिढीची शुश्रूषा करणारी माणसे आज त्याच विद्यापीठात तयार होतात, ही गोष्ट मला अतिशय समाधानाची वाटते.

परिचारिकेने विद्यापीठात शिकावे ही कल्पना मात्र ऑस्ट्रेलियातही जुनी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शाळेत शिकलेल्या ल्यूसी ऑस्बर्न पाच सहकारी परिचारिकांसह १८६८ साली सिडनीच्या इन्फर्मरीत रुजू झाल्या, आणि त्यांनी घालून दिलेला शिरस्ता शंभराहून अधिक वर्षे चालला. त्या शिरस्त्यात विद्यार्थिनी ही प्रथम रुग्णालयाचे मनुष्यबळ होती आणि मग विद्यार्थिनी: ती रुग्णालयाच्या वसतिगृहात राही, पाळ्या करी आणि कामातून उरलेल्या वेळात व्याख्याने ऐके. १९८४ साली केंद्र सरकारने हे शिक्षण रुग्णालयांकडून उच्च शिक्षणसंस्थांकडे सोपविण्याचा निर्णय घेतला, १९८५ साली न्यू साउथ वेल्स राज्याने तो सरसकट अमलात आणला, आणि १९९३ पर्यंत सर्व देशभर हे स्थित्यंतर पूर्ण झाले. पुस्तकी शिक्षणाने हात बिघडतील अशी भीती तेव्हा अनेक जुन्याजाणत्यांनी बोलून दाखविली होती. ती भीती अगदीच निराधार नव्हती, आणि म्हणूनच आजच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासांना कायद्याचे बळ द्यावे लागले आहे.

आपल्याकडे पुण्याच्या सेवासदनाच्या द्वारे रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणास पाठविण्याची तजवीज केली, तेव्हा त्यांना लोकापवादाशी झगडावे लागले. पदवीच्या पातळीवरील शिक्षण मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या लीलाबाई ठाकरसी महाविद्यालयाने १९६४ साली सुरू केले, म्हणजे न्यू साउथ वेल्सने सर्व परिचर्याशिक्षण उच्च शिक्षणसंस्थांकडे नेले त्याच्या दोन दशके आधी. तरीही पदवीधर परिचारिकेच्या निर्णयाला वॉर्डात काय वजन असावे हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अनुत्तरितच राहिला आहे, आणि वॉलॉंगॉंगच्या अभ्यासक्रमाकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधावेसे वाटते ते याच कारणाने.

महाराष्ट्रातील बी.एस्सी. नर्सिंगची मुदत चार वर्षांची, तर वॉलॉंगॉंगची पदवी तीन वर्षांची आहे. शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र, मानसिक आरोग्य, वृद्धांची शुश्रूषा, बालकांची शुश्रूषा, संशोधन वाचण्याची रीत, कायदा आणि नीती असे विषय तीत येतात. ऑस्ट्रेलियातील मान्यता देणाऱ्या मंडळाच्या नियमानुसार विद्यार्थ्याने किमान ८०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या ठिकाणी काढलेच पाहिजेत, आणि प्रयोगशाळेत पुतळ्यावर केलेल्या सरावाचे तास त्यांत धरले जात नाहीत. या काळात विद्यार्थी पाळीच्या मनुष्यबळात मोजला जात नाही. तो शिकण्यासाठी तेथे असतो, आणि जुन्या शिरस्त्याशी तुलना करता हा फरक फार मोठा आहे. वॉर्डात पाऊल ठेवण्यापूर्वी कागदपत्रांची जी छाननी होते तीही कडक असते: कावीळ ब, गोवर, कांजिण्या, धनुर्वात, डांग्या खोकला यांच्या लसींचे दाखले, क्षयरोगाची तपासणी, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणि मुलांसोबत काम करण्याची परवानगी. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याची बहुधा क्षयाच्या तपासणीत अधिक बारकाईने चौकशी होते. त्यात मन खट्टू होण्याजोगे काही नाही, कारण क्षयाचे प्रमाण जेथे अधिक आहे अशा सर्वच देशांतून आलेल्यांना हा नियम लागू आहे.

प्रयोगशाळेत शिकवली जाणारी एक गोष्ट सामान्य वाचकाला क्षुल्लक वाटेल, पण तिच्यावर जीव अवलंबून असतो, ती म्हणजे औषधाचा हिशेब. १००० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यावयाचे असेल तर ताशी १२५ मिलिलिटर जावे लागते. नळी अशी असेल की २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. हे गणित शाळेच्या पातळीचे आहे. परंतु रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरील रुग्ण हाक मारीत असताना, ते अचूक करावयाचे असते, आणि दशांशचिन्ह एक घर सरकले तर औषधाची मात्रा दहापट होते. म्हणूनच परिचर्येच्या अनेक अभ्यासक्रमांत या परीक्षेत शंभरपैकी शंभर गुण मिळविल्याखेरीज उत्तीर्ण मानले जात नाही. या कठोरपणाशी मी पूर्णपणे सहमत आहे.

या शिक्षणाचा गाभा मात्र मला निरीक्षणाच्या तक्त्यात दिसतो. न्यू साउथ वेल्समधील सरकारी रुग्णालयांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी पीटर गार्लिंग यांचा आयोग नेमण्यात आला होता, आणि २००८ सालच्या त्याच्या अहवालाने एक अप्रिय सत्य ठामपणे मांडले: रुग्णाची प्रकृती खालावत असल्याची चिन्हे वॉर्डात दिसत असूनही ती वेळीच ओळखली जात नाहीत, किंवा ओळखली तरी त्यांवर वेळीच कृती होत नाही. त्यानंतर २०१० साली राज्यभर 'बिटवीन द फ्लॅग्ज' नावाची व्यवस्था सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या समुद्रकिनाऱ्यांवर जीवरक्षक लाल-पिवळे झेंडे रोवून ठेवतात, आणि त्या दोन झेंड्यांच्या मध्ये पोहणाऱ्यावर त्यांची नजर असते. रुग्णाचा तक्ताही त्याच रीतीने रंगविलेला असतो: श्वासाची गती, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, ताप, शुद्धीची पातळी यांचे आकडे पांढऱ्या भागात असेपर्यंत ठीक, पिवळ्या भागात गेले की रुग्णाची फेरतपासणी करावयाची, आणि लाल भागात गेले की तातडीच्या पथकाला तत्क्षणी पाचारण करावयाचे. यांतील श्वासाची गती ही प्रकृती बिघडत असल्याची अतिशय लवकर मिळणारी खूण आहे, आणि यंत्राने न मोजता घड्याळ हाती धरून पूर्ण मिनिटभर मोजावी लागत असल्याने सर्वांत अधिक दुर्लक्षित होणारी खूणही तीच आहे. विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून ती मोजावयास लावतात.

पथकाला बोलाविण्याचा अखत्यार कोणाला, हा या व्यवस्थेतील खरा क्रांतिकारक भाग होय. तो हुद्द्यावर अवलंबून नाही. आकडा लाल भागात गेला तर कनिष्ठातील कनिष्ठ परिचारिकाही ती हाक देऊ शकते. रुग्णाच्या आप्तांनाही आपली काळजी वरिष्ठांपर्यंत पोहोचविण्याचा मार्ग याच राज्यात निराळ्या योजनेने खुला केलेला आहे. आणि डॉक्टरांना दूरध्वनी करताना काय बोलावे याची पद्धतही शिकविलेली असते: प्रथम आपण कोण, मग प्रसंग काय, पार्श्वभूमी काय, आपले आकलन काय, आणि अखेरीस आपल्या मते आता काय केले पाहिजे. हा शेवटचा भाग आपल्याकडच्या मुलामुलींना सर्वांत जड जावा, असे मला वाटते. वडीलधाऱ्यांसमोर, अधिकाऱ्यांसमोर, त्यातही डॉक्टरांसमोर, विचारल्याशिवाय मत देऊ नये हा संस्कार आपल्या घरांत आणि शाळांत इतका खोल रुजलेला असतो की पाचव्या पायरीवर येताच आवाज खाली येतो, आणि सर्व माहिती अचूक सांगूनही निर्णय दुसऱ्यावर सोपविला जातो. तेथे याला विनय समजत नाहीत. रुग्णाच्या सुरक्षिततेत राहिलेली उणीव समजतात, आणि मूल्यमापनाच्या वेळी तसे लेखी कळवितात. आपल्या संस्कारांतील आदर मोलाचा आहे, हे मी मनापासून मानतो. परंतु खाटेवरील माणूस गुदमरत असताना जो आदर गप्प बसवितो तो सोडून द्यावयास शिकणे, ही या पदवीची कदाचित सर्वांत कष्टाची कमाई असेल.

विद्यार्थ्याला सुरुवातीच्या काळात बहुधा वृद्धाश्रमात पाठविले जाते. पोलादाच्या कारखान्यात हयात घालविलेले इटालियन किंवा मॅसिडोनियन वृद्ध तेथे असतात, आणि स्मृतिभ्रंश वाढत गेला की पुष्कळांच्या बाबतीत नंतर शिकलेली इंग्रजी आधी पुसट होते आणि बालपणीची भाषा उरते. अशा वृद्धासमोर इंग्रजी त्याचीही नाही आणि मराठी विद्यार्थ्याचीही नाही, अशा अवस्थेत नजरेने, स्पर्शाने आणि संथ स्वराने त्याला आंघोळीस राजी करणे हे कौशल्य कोणत्याही व्याख्यानात मिळत नाही. वृद्धसेवेच्या दुरवस्थेची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने २०२१ साली आपला अंतिम अहवाल दिल्यानंतर, १ जुलै २०२३ पासून प्रत्येक वृद्धाश्रमात चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका असणे आवश्यक ठरले, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक रहिवाशामागे दररोज सरासरी २१५ मिनिटांच्या सेवेची, त्यांपैकी ४४ मिनिटे नोंदणीकृत परिचारिकेची, अशी तरतूद झाली. माणसाच्या वाट्याला येणाऱ्या शुश्रूषेचे मिनिटांत मोजमाप करणे कोणाला कोरडे वाटेल; मला मात्र त्यात राज्याने घेतलेली जबाबदारी दिसते.

वॉलॉंगॉंग ही धारावाल या आदिवासी समाजाची भूमी आहे, आणि आदिवासींचा इतिहास, आरोग्य आणि संस्कृती यांवरचा स्वतंत्र विषय शिकविल्याखेरीज ऑस्ट्रेलियात परिचर्येच्या कोणत्याही पदवीला मान्यता मिळत नाही. लोविचा ओडोनोह्यू या आदिवासी तरुणीला अॅडलेडच्या रॉयल रुग्णालयात शिकाऊ म्हणून प्रवेश मिळविण्यासाठी झगडावे लागले आणि १९५४ साली तो मिळाला. पुढे त्या राष्ट्रीय पातळीवरील नेत्या झाल्या. ज्या रुग्णालयांनी एका समाजाला दाराबाहेर ठेवले, त्यांच्यावर त्या समाजाचा इतबार सहजी बसत नाही, हे विद्यार्थ्याने समजून घ्यावे अशी अपेक्षा असते. जातीच्या इतिहासाची आठवण असलेल्या मराठी माणसाला हा धडा परका वाटू नये.

आता खर्चाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांसाठी तेथील केंद्र सरकारने २०२१ साली परिचर्येची वार्षिक फी सर्वांत खालच्या श्रेणीत, ३,९५० डॉलर, आणून ठेवली, आणि तीही कर्जरूपाने नंतर फेडता येते. परदेशी विद्यार्थ्याला मात्र कितीतरी पट अधिक रक्कम स्वतः उभी करावी लागते. रुग्णसेवेच्या ८०० तासांचा मोबदला मिळत नाही. त्या आठवड्यांत पोटापाण्याची नोकरी सोडावी लागते, आणि नेमणूक बेगासारख्या दूरच्या गावी, वॉलॉंगॉंगपासून तीनशेहून अधिक किलोमीटरांवर, झाली तर प्रवासाचा आणि राहण्याचा खर्चही पडतो. १ जुलै २०२५ पासून सरकारने गरजू विद्यार्थ्यांना या आठवड्यांसाठी भत्ता देण्यास आरंभ केला, पण परदेशी विद्यार्थी त्याला पात्र नाहीत, आणि सत्र चालू असताना त्यांच्यावर पंधरवड्याला ४८ तासांहून अधिक काम न करण्याचे बंधनही आहे. हा भार अन्यायाचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे: जी माणसे पुढे त्याच देशाच्या रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत उभी राहणार आहेत, त्यांच्या शिक्षणकाळाचा भुर्दंड दूरच्या एखाद्या तालुक्यातील कुटुंबाने शेतजमीन गहाण ठेवून सोसावा, हे योग्य नव्हे. ज्यांनी भारतात बी.एस्सी. नर्सिंग आधीच केले आहे त्यांनी तर दुसरी पदवी घेण्यापूर्वी नीट चौकशी करावी. त्यांच्या अर्हतेची छाननी होऊन, संगणकावरील बहुपर्यायी परीक्षा आणि अॅडलेड येथील प्रात्यक्षिक परीक्षा या मार्गाने नोंदणी मिळण्याची सोय आहे.

वॉलॉंगॉंगच्या हद्दीत हेलेन्सबर्ग येथे व्यंकटेश्वराचे मंदिर आहे. त्याची प्रतिष्ठापना १९८५ साली, म्हणजे राज्यातील परिचर्याशिक्षण उच्च शिक्षणसंस्थांकडे गेले त्याच वर्षी झाली, आणि सुटीच्या दिवशी सिडनीकडील भारतीय कुटुंबे तेथे दर्शनाला येतात. घरापासून दूर असलेल्या विद्यार्थ्याला असा एखादा आसरा लागतोच, विशेषतः मृत्यू प्रथमच जवळून पाहिल्यानंतर. आणि पालकांनी दूरध्वनीवर परीक्षेतील गुणांची चौकशी करण्याआधी वॉर्डातला दिवस कसा गेला हे विचारावे.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस पदवी मिळते, आणि देशातील पदवीधरांना आणखी कोणतीही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागत नाही. विद्यापीठाने दिलेला अभ्यासक्रमपूर्तीचा दाखला आणि स्वतःचा अर्ज यांवर परिचर्या मंडळ नोंदणी देते. ती कायमची नसते. दरवर्षी ३१ मेच्या आत तिचे नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी वर्षाकाठी किमान २० तासांचे नवे शिक्षण घेतल्याची आणि मागील ५ वर्षांत किमान ४५० तास काम केल्याची खात्री द्यावी लागते. मंडळ पाहिजे तेव्हा त्याचा तपशील मागवू शकते, आणि तो देता आला नाही तर नोंदणीवर अटी लादू शकते, मग ती परिचारिका काल पदवी घेऊन आलेली असो की तीस वर्षे वॉर्ड सांभाळलेली असो.