धुराड्यापासून जमिनीपर्यंत

1956च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नेब्रास्कात, ओनील गावाजवळच्या सपाट माळावर, गुडघ्याएवढ्या उंचीवरून सल्फर डायऑक्साइड दहा-दहा मिनिटं सोडला जाई. 50 मीटरपासून 800 मीटरपर्यंत कमानींत मांडलेली उपकरणं हवेचे नमुने टिपत. ‘प्रेअरी ग्रास’ नावाच्या या प्रयोगांचे आकडे घेऊन, धूर हवेत कसा पसरतो ते सांगणारी नवी मॉडेलं आजही पारखतात. या शास्त्राची खरी पुंजी मला तीच वाटते.

1961 साली ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ पास्क्विल यांनी वारा, ऊन आणि रात्रीचे ढग एवढ्यावरून हवेचे ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा वर्ग पाडले. भर दुपारची घुसळणारी हवा ‘ए’, निरभ्र रात्रीची निपचित हवा ‘एफ’. गॉसच्या घंटाकृती वक्राला हे वर्ग जोडले की धुराचा लोट किती पसरेल ते मांडता येई. पुढे ते गणित संगणकावर गेलं. 2005च्या अखेरीस अमेरिकेने ‘एरमॉड’ हे मॉडेल अधिकृत केलं. त्यात ठोकळेबाज वर्गांऐवजी जमिनीची उष्णता आणि खडबडीतपणा यांवरून हवेची घुसळण काढतात.

आपल्याकडे जानेवारी 1994च्या अधिसूचनेने पर्यावरणीय आघात मूल्यांकन सक्तीचं झालं, 2006 साली नवी अधिसूचना आली. अहवालांत प्रदूषणाच्या समघनतेच्या रेषांचे, मॉडेलने काढलेले रंगीत नकाशे दिसू लागले. सूत्रं सुधारत गेली, पण त्यांना पुरवायच्या माहितीत आपण काटकसरच करत राहिलो. जागेवरची मोजमापं बहुतेक प्रकल्पांत पावसाळा सोडून एकाच ऋतूची घेतली, तरी चालतं.

चंद्रपूरसारख्या ठिकाणी हे फार खटकतं. तिथे औष्णिक केंद्राची धुराडी आहेत आणि कोळशाच्या खाणीही. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा नसेल तर 500 मेगावॉटच्या संचाला नियमाने 275 मीटरचं धुराडं लागतं. उन्हाळी दुपारी तापलेली हवा त्याचा लोट खाली आपटते. हिवाळी रात्री तोच लोट वरच्या वर निघून जातो. खाणीतली आणि रस्त्यावरची धूळ मात्र हिवाळ्यातच, वारा पडला की, वस्तीत साचते. एकाच ऋतूचे आकडे घेतले तर यांपैकी एक धोका झाकलाच जातो, मग मॉडेल कितीही अद्ययावत असो.

‘एरमॉड’ फुकट मिळतं, त्याची संहिताही खुली आहे. अहवालासोबत वर्षभराची हवामान-माहिती आणि मॉडेलला दिलेली फाइल जोडणं सक्तीचं केलं, तर जनसुनावणीआधी कुठल्याही महाविद्यालयाला तो नकाशा पुन्हा काढून पाहता येईल.