मोहरी मातीतले शिसे शोषते, मग ती भाजी खावी का?

“डॉक्टर, नाल्याच्या पाण्यावरचा पालक उकळून खाल्ला तर चालेल ना?” परभणीत हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. उकळल्याने जंतू मरतात. मात्र पानात शोषले गेलेले शिसे किंवा कॅडमिअम धुऊन किंवा शिजवून पूर्ण निघत नाही.

वनस्पती माती कशी स्वच्छ करतात?

मोहरी मुळांवाटे शिसे, कॅडमिअम ओढून घेते. आर्सेनिक साठवणारा एक नेचा अमेरिकेतील फ्लोरिडात आढळल्याचे २००१ साली जाहीर झाले. मुळांजवळचे काही जिवाणू आम्ल सोडून धातू विरघळवतात, त्यामुळे झाडाला तो शोषता येतो. काही जिवाणू उलट धातू मातीतच बांधून ठेवतात, म्हणजे तो पिकात कमी उतरतो.

धोका कुठे आहे?

धातू नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो. म्हणून माती स्वच्छ करण्यासाठी लावलेले झाड खाऊ नये, जनावरांना घालू नये, त्याचे खत करू नये आणि ते चुलीतही जाळू नये.

आपली काळी, चिकण माती धातू घट्ट धरून ठेवते. त्यामुळे पिकात ते कमी जातात, पण सफाईलाही कित्येक वर्षे लागतात.

शरीरावर काय परिणाम होतो?

शिशामुळे मुलांची बुद्धी आणि वाढ खुंटते, रक्तक्षय होतो, पोटात कळा येतात. गरोदरपणात ते बाळापर्यंत पोहोचते. कॅडमिअम मूत्रपिंड आणि हाडे कमजोर करते.

काय करावे?

- सांडपाण्यावरची पालेभाजी टाळा. मुले आणि गरोदर स्त्रियांना ती देऊच नका.
- मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ तपासण्यांत शिसे, कॅडमिअम नसतात. शंका असल्यास वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या मृदाशास्त्र विभागात वेगळ्या तपासणीची चौकशी करा.
- जुन्या बॅटऱ्या घराजवळ फोडू किंवा वितळवू नका.
- घरात असा संपर्क असेल आणि मूल चिडचिडे, फिकट दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रक्तातील शिसे मोजता येते. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळल्यास ते कुठून येते हे शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शरीरातले धातू ‘काढणारी’ औषधे मनाने घेऊ नका. शिसे जिथून येते ती वाट बंद करणे हाच पहिला उपचार.