वाट चुकायची तर काशीत!

काशीला जायचं ठरलं की घरात याद्या सुरू होतात. सासूबाईंना गंगाजल, जावेला बनारसी साडी, शेजारणीला अन्नपूर्णेची मूर्ती. बरोबरच्या पुरुषमंडळींनी वेळापत्रकही आखलेलं असतं : पहाटे स्नान, मग विश्वनाथ, कालभैरव, दुपारी सारनाथ, संध्याकाळी दशाश्वमेधावरची आरती. करा, सगळं अवश्य करा. पण मैत्रिणींनो, त्या यादीत माझ्या सांगण्यावरून आणखी एक ओळ लिहा : एक सकाळ वाट चुकण्यासाठी.

दचकू नका! ‘सरळ जा आणि सरळ ये’ हे आपल्याला परकरात असल्यापासून ऐकवलेलं. बाईने घराबाहेर पडायचं ते कामासाठी, आणि ती कुठे आहे हे कुणाला तरी ठाऊक हवंच. डबे, बाजार, मुलांच्या शाळा यांत हिशेब द्यावा लागत नाही असा तास दिवसात सापडत नाही. “कुठे होतीस इतका वेळ?” याला “काय माहीत, बाई!” असं खरंखुरं उत्तर देण्यातलं सुख एकदा घेऊन बघाच.

त्याला काशीच बरी. जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद, की मोटार शिरतच नाही. (स्कूटरवाले शिरतात, आणि भोंगा वाजवून जीव नकोसा करतात, ते सोडा.) शिवाय इथे वाट चुकते, माणूस हरवत नाही. गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि घाट सारे तिच्या पश्चिम काठावर. म्हणजे उगवतीकडे तोंड करून उताराची गल्ली धरली, की पायऱ्या लागणारच. घाटावर आलात की दक्षिणेच्या टोकाला अस्सी, उत्तरेच्या टोकाला राजघाट. प्रत्येक घाटाचं नाव भिंतीवर ठळक रंगवलेलं असतं. घरांच्या नंबरांतही खूण आहे. सुरुवातीला ‘डी’ असेल तर भाग दशाश्वमेधाचा, ‘सी.के.’ असेल तर चौकाचा.

विश्वनाथाच्या अगदी लगत मात्र गल्ल्या शोधू नका. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलेल्या मंदिरापासून गंगेपर्यंत २०२१ साली प्रशस्त मार्ग झाला, त्यात कितीतरी घरं आणि गल्ल्या गेल्या. म्हाताऱ्या माणसांची सोय झाली हे खरं, पण चुकायला तिथे काही उरलं नाही.

चौकातून ठठेरी बाजारात शिरा. पितळेची भांडी बघत, वाटेल तिथे वळा. थंडीचे दिवस असतील तर सकाळी मातीच्या कुल्हडात ‘मलइयो’ मिळतं. दुधाचा केशरी फेस नुसता. जिभेवर ठेवला की नाहीसा. कधी समोरून बैल येतो, कधी ‘राम नाम सत्य है’ म्हणत तिरडी. दोघांनाही भिंतीला टेकून वाट द्यायची. पहिल्यांदा छातीत धस्स होतं. तिथली मुलं मात्र पतंग गुंडाळत तशीच उभी राहतात.

असंच फिरत उत्तरेला गेलात, तर दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडे पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी वस्ती लागेल. बिस्मिल्ला खाँ (१९१६-२००६) ज्या बालाजीच्या देवळात सनईचा रियाज करीत, तेही याच बाजूला. तिथे एका निळ्या दारापुढे मी तिसऱ्यांदा आले, तेव्हा आतून आवाज आला, “अगो, आत ये. पाणी पी, मग रस्ता सांगते.” चक्क मराठीत! आजी ऐंशीच्या पुढच्या. मुलं नोकऱ्यांसाठी लांब, वाड्याच्या चार खोल्यांना कुलूप. कोकणात आजोळी एकदाच गेलेल्या, पण तिथल्या विहिरीचं वर्णन असं केलं, की मला ती दिसली. “आता मराठी बोलायला कोण येतं?” त्या म्हणाल्या, “चुकलेलीच येतात.” तासाभराने मी उठले, तेव्हा रस्ता सांगायचं त्यांनी मुद्दाम लांबवलं असावं अशी शंका आली!

आता थोडी खबरदारी. उजेडातच फिरा, अंधार पडायच्या आत घाट गाठा. उतरला असाल त्या जागेचा पत्ता कागदावर लिहून जवळ असू द्या. पैसे आतल्या कप्प्यात, पायात न घसरणाऱ्या चपला. “चला, मी दाखवतो” म्हणणाऱ्याला हात जोडा. वाट विचारायची तर दुकानदाराला. मणिकर्णिकेवर फोटो काढू नका. पावसाळ्यात गंगा चढली की पायऱ्या बुडतात आणि घाटाघाटाने चालता येत नाही, तेव्हा हा बेत कार्तिकानंतरचाच ठेवा. फोन मात्र पिशवीच्या तळाशी. यजमानांचा आलाच आणि “आहेस कुठे?” असं विचारलं, तर खुशाल सांगा, कळलं की कळवते.